थांबून विचारणाऱ्याच्या बाजूने

माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचा कर्मयोगी आणि शहाजीनगरचा नीरा-भीमा. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या या सहकारी साखर कारखान्यांत ऊस आजही ट्रॅक्टरने आणि बैलगाडीने येतो, पण काट्यावर चढला की त्याचा पुढचा सगळा हिशेब कॉम्प्युटरवर. वजनाची नोंद होते, सभासदाच्या मोबाइलवर मेसेज जातो, गटवार याद्या हिशेब विभागात जमा होतात आणि तिथून शेकडो खात्यांचे आकडे असलेली एक फाइल बँकेकडे रवाना होते. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे आलेल्या उसाचे पैसे १४ दिवसांत देणे बंधनकारक असल्याने ही फाइल बहुधा घाईतच तयार होते. दूध संस्थेत हीच धांदल दर दहा दिवसांनी, पतसंस्थेत रोज.

ही पुस्तिका त्या फाइलीसाठी आणि ती तयार करणाऱ्या माणसांसाठी आहे. कामावर इंटरनेट कसे वापरावे याचे नियम करायचे म्हटले की बैठकीत पहिला मुद्दा ठरलेला असतो: पोरे कामाच्या वेळेत मोबाइल बघत बसतात, यूट्यूब बंद करा. वेळ वाया जातो हे खरे आहे आणि त्यावर पुस्तिकेत एक प्रकरण आहेच. पण दुपारच्या सुट्टीत कुणी क्रिकेटचा स्कोअर पाहिला म्हणून कुठल्या सभासदाचे बिल बुडत नाही. उलट कार्यालयांतल्या कितीतरी मुलांनी एक्सेल यूट्यूबवर पाहूनच आत्मसात केले आहे. संस्थेचे मोठे नुकसान होते ते दुसऱ्या वाटेने, आणि त्या वाटेवर अनेकदा एखादा प्रामाणिक, कामसू, साहेबांचा शब्द खाली न पडू देणारा कर्मचारी उभा असतो.

सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या एका संचालकांना व्हॉट्सॲपवर मेसेज आले. पाठवणाऱ्याने आपण अदर पूनावाला असल्याचे भासवले होते. अमुक खात्यांवर तातडीने पैसे पाठवा, एवढीच सूचना. मेसेज त्यांचाच आहे असे समजून कंपनीतून १ कोटी १ लाख रुपयांहून अधिक रक्कम रवाना झाली. पूनावालांनी असा मेसेज पाठवलाच नव्हता, हे नंतर उघड झाले. लसनिर्मितीत जगात आघाडीवर असलेली ही कंपनी. हिशेबाला आणि तपासणीला तिच्याकडे तज्ज्ञ माणसांची वाण नाही. कुणी कुलूप तोडले नाही, पासवर्ड चोरला नाही. वरिष्ठाचे नाव आणि घाई, या दोनच गोष्टी पुरल्या.

आता आपल्याकडच्या कार्यालयांची घडण पाहा. चेअरमन दौऱ्यावर, कार्यकारी संचालक पुण्याला साखर संकुलात, आणि निरोप फोनवर. ‘साहेबांचा फोन होता’ एवढ्यावर फाइल हलते. ही सवय वाईट आहे असे मी म्हणणार नाही. इंदापूरच्या जिरायती भागात उन्हाळ्यात टँकर सुटतात ते अशाच फोनवर, आणि रात्री-अपरात्री दवाखान्याची सोय होते तीही अशाच शब्दावर. सहकार या विश्वासावर उभा राहिला. पण हाच विश्वास आता बाहेरच्या माणसाला फुकटात वापरता येतो. चेअरमनचा फोटो वर्तमानपत्रात आहे, कारखान्याच्या अहवालात आहे, गावोगावच्या फ्लेक्सवर आहे. तो डीपीला लावायला अर्धे मिनिट पुरते. आणि लेखापालाच्या मनात शंका आली तरी ती बोलून दाखवण्याची त्याला चोरी, कारण साहेबांना उलट विचारायचे नाही हे तो नोकरीच्या पहिल्या दिवसापासून शिकलेला असतो.

म्हणून या पुस्तिकेचा कणा असलेला नियम असा आहे: व्हॉट्सॲपवर, ईमेलवर किंवा अनोळखी नंबरवरून आलेला पैशाचा कोणताही आदेश हा आदेश धरायचा नाही. संस्थेच्या वहीत आधीपासून नोंदवलेल्या नंबरवर स्वतः फोन लावून खात्री करायची, दुसऱ्या अधिकाऱ्याची सही घ्यायची आणि मगच रक्कम सोडायची. आणि असे विचारल्याबद्दल त्या कर्मचाऱ्याला कुणीही, अगदी चेअरमननेही, बोल लावायचा नाही. नियमाचा पहिला भाग बहुतेक ठिकाणी कागदावर सापडतो. दुसरा भाग क्वचितच सापडतो, आणि तो नसेल तर पहिला चालत नाही.

विचारण्याने काय साधते याचा जगभर गाजलेला दाखला बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचा आहे. हल्लेखोरांनी तिथल्या कर्मचाऱ्यांना नोकरीच्या अर्जाचे ईमेल पाठवले होते. अर्जासोबतची फाइल उघडली गेली आणि ते आत शिरले. पुढे फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमधील खात्यातून ९५ कोटी डॉलर वळवण्याचे आदेश सोडले. श्रीलंकेला जाणाऱ्या २ कोटी डॉलरच्या आदेशात ‘फाउंडेशन’ या शब्दाचे स्पेलिंग चुकलेले होते. मधल्या एका बँकेत ते कुणाच्या तरी नजरेला आले, त्याने काम थांबवून खुलासा मागितला आणि ती रक्कम वाचली. इतर आदेशही बरेचसे अडले, तरी ८ कोटी १० लाख डॉलर गेलेच.

बिलाच्या आदल्या संध्याकाळचा हिशेब विभाग डोळ्यांसमोर आणा. टेबलावर गटवार याद्या, पडद्यावर एक्सेलची लांबच लांब शीट, शेतकी विभागातून फोन, बाहेर सभासदांची विचारणा. तेवढ्यात मेसेज येतो: माझे जुने खाते बंद झाले, बिल या नव्या खात्यावर टाका, सोबत पासबुकाचा फोटो. नाव ओळखीचे, गाव ओळखीचे. क्लार्क चांगुलपणाने रकान्यातला नंबर बदलतो, कारण बिल अडले तर शेतकऱ्याची सोसायटीची परतफेड अडेल हे त्याला माहीत असते. पुस्तिकेत याचे उत्तर साधे आहे. बिल काढण्याच्या काळात खातेबदल घ्यायचाच नाही, आणि एरवीही तो सभासद स्वतः गट ऑफिसात आल्याशिवाय, नोंदवहीवर सही केल्याशिवाय होणार नाही. त्या दिवशी शेतकरी थोडा चिडेल. चिडू द्यावा.

याहून खोल वार बँकेवर होऊ शकतो, हे आपल्या जिल्ह्यानेच पाहिले आहे. १९०६ साली पुण्यात स्थापन झालेल्या कॉसमॉस बँकेवर ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, हल्ला झाला. एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी चोरट्यांनी आपली बनावट यंत्रणा बसवली, आणि बनावट कार्डांवर २८ देशांतून पैसे निघू लागले. भारतात निघालेल्या पैशांपैकी काही कोल्हापुरातल्या एटीएममधून निघाले. सोमवारी, १३ तारखेला, आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली, पण ती बहुतेक एटीएमपाशी उभी राहून नोटा काढणारी माणसे होती. पुढे जुलै २०२४ च्या अखेरीस छोट्या बँकांना तांत्रिक सेवा देणाऱ्या सी-एज या कंपनीवर खंडणीखोर व्हायरसचा हल्ला झाला आणि सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँकांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार काही काळ तोडून ठेवावे लागले. त्या बँकांतल्या कर्मचाऱ्यांचा त्यात काही दोष नव्हता. तरीही काउंटरवर लोकांची बोलणी त्यांनीच खाल्ली.

पतसंस्थांनी तर जास्तच जपायला हवे. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांना सायबर सुरक्षेची किमान चौकट घालून दिली. पतसंस्था त्या चौकटीत येत नाहीत. त्यांच्या ठेवींना बँकेतल्या ठेवीसारखे ५ लाख रुपयांपर्यंतचे विमासंरक्षणही नाही. निमगाव केतकीच्या पानवाल्या शेतकऱ्याने किंवा भिगवणच्या मच्छी बाजारातल्या बाईने पिग्मी एजंटाकडे रोज दिलेले पैसे संस्थेचा संगणक सांभाळणाऱ्या एकदोन माणसांच्या सावधपणावर टिकून असतात.

एका वस्तूवर पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण आहे, आणि ते सर्वांत आधी वाचावे अशी माझी सूचना आहे. ती वस्तू म्हणजे डिजिटल सहीचे डोंगल. ग्रामपंचायतीच्या खात्यातून वित्त आयोगाचे पैसे काढायचे तर सरपंच आणि ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) या दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. दोन सह्या कशासाठी, तर एकाने केलेले दुसऱ्याने तपासावे यासाठी. प्रत्यक्षात अनेकदा दोन्ही डोंगले कॉम्प्युटर ऑपरेटरच्या एकाच खणात असतात आणि दोन्ही पिन त्याच खणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या चिठ्ठीवर. सरपंच शेतात असतात, ग्रामसेवकाकडे दोन-तीन गावे असतात, काम अडू नये म्हणून हे चालते. हे कोऱ्या चेकबुकावर सह्या करून ते उघड्यावर ठेवण्यासारखे आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४२ प्रमाणे ही किल्ली स्वतःच्या ताब्यात ठेवण्याची वाजवी काळजी घेणे ही सहीधारकाची जबाबदारी आहे. उद्या गैरव्यवहार निघाला तर ‘ऑपरेटरने केले’ म्हणून सरपंचाची सुटका होणार नाही, आणि ज्या ऑपरेटरच्या खणात डोंगल सापडले तो तर निर्दोष असूनही भरडला जाईल. महिना काही हजारांच्या मानधनावर काम करणाऱ्या मुलाच्या गळ्यात ही जोखीम बांधणे अन्यायाचे आहे. म्हणून नियम केवळ सरपंचांना सांगत नाही की डोंगल जवळ ठेवा. तो ऑपरेटरलाही अधिकार देतो की दुसऱ्याचे डोंगल ठेवून घ्यायला त्याने लेखी नकार द्यावा.

त्याच कॉम्प्युटरवर आणखी एक रोग असतो. मराठी टायपिंगसाठी कुणीतरी कधीतरी पेन ड्राइव्हमधून आणून टाकलेले फुकटचे सॉफ्टवेअर. ते चालावे म्हणून अँटीव्हायरस बंद केलेला, आणि तो पुढे बंदच राहिलेला. आज त्याची गरज उरलेली नाही. युनिकोड मराठीचा कीबोर्ड विंडोजमध्येच असतो. तो सुरू करून घ्या आणि जुने चोरीचे सॉफ्टवेअर काढून टाका. या एका कामाने तालुक्यातल्या निम्म्या कार्यालयांची तब्येत सुधारेल असे मला वाटते. तसेच एनीडेस्कचे. सॉफ्टवेअरवाल्याने दुरुस्तीसाठी लांबून कॉम्प्युटर ताब्यात घेतला, काम झाले, पण दार उघडेच राहिले. दुरुस्ती संपली की ते बंद झाले आहे हे समोर बसलेल्या माणसाने पाहायचे. आणि पीएम किसानची यादी, आरटीओचे चलन, लग्नाची पत्रिका अशा नावांनी मोबाइलवर येणाऱ्या एपीके फाइली उघडायच्या नाहीत, मग त्या सख्ख्या भावाच्या नंबरवरून आलेल्या असोत. त्याचा फोन आधीच चोरट्यांच्या हातात गेलेला असू शकतो.

आता जरा नाजूक विषय. आपल्या दोन्ही तालुक्यांत कारखान्याची निवडणूक विधानसभेइतक्याच ईर्ष्येने लढली जाते. अशा वेळी सभासदांच्या मोबाइल नंबरांची यादी ही मोठी मौल्यवान चीज ठरते, आणि ती संस्थेच्या कॉम्प्युटरमध्ये असते. कुणी तरी कार्यकर्ता पेन ड्राइव्ह घेऊन येतो. कर्मचारी कुणाला नाही म्हणणार? सभासदाने नंबर दिला तो वजनाचा मेसेज यावा म्हणून, प्रचाराचा यावा म्हणून नव्हे. व्यक्तीने ज्या कारणासाठी माहिती दिली त्याच कारणासाठी ती वापरावी, हे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे मूळ सूत्र आहे. यादी बाहेर देणार नाही, हा नियम सत्ताधारी आणि विरोधी दोन्ही पॅनेलांना सारखाच लागू राहील असा ठराव निवडणूक नसताना करून ठेवावा. कर्मचाऱ्याने कुणाची पोस्ट शेअर केली किंवा केली नाही यावर त्याची बदली वा पगारवाढ ठरू नये, हेही त्याच ठरावात यावे.

याला लागून कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या बोलण्याचा प्रश्न येतो. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी समाजमाध्यमांच्या वापराबाबत सूचना काढल्या. कार्यालयीन आणि खासगी खाती वेगळी ठेवावीत, गोपनीय कागद परवानगीशिवाय टाकू नयेत, सरकारी धोरणांवर प्रतिकूल टीका करू नये, असे त्यात आहे. पंचायत समितीत किंवा नगरपरिषदेत काम करणाऱ्यांनी त्या मुळातून वाचाव्यात. पण सहकारी कारखान्याचा किंवा एमआयडीसीतल्या कंपनीचा कामगार हा सरकारी नोकर नाही. त्याच्यासाठी नियम करताना टीकेचे ते कलम जसेच्या तसे उचलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला एका फेसबुक पोस्टवरून दोन तरुणींना अटक झाली. एकीने तेव्हा पाळल्या गेलेल्या एका बंदविषयी दोन ओळी लिहिल्या होत्या, दुसरीने त्या लाइक केल्या होत्या. त्यांच्यावर लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ पुढे २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवून रद्द केले. संस्थेने आपल्या नावाने कोण बोलेल हे ठरवावे, गुपिते कोणती हे सांगावे. कामगाराच्या घरातल्या मताला हात लावू नये.

गुपिते मात्र खरीखुरी आहेत. वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटांचे भाग बनतात. चांद्रयान-३ उडाले त्याच्या बूस्टरमध्येही इंदापूर तालुक्यातल्या कामगारांचा हात होता. अशा ठिकाणी यंत्रापुढे उभे राहून काढलेला रील हौसेचा राहत नाही, मागे टांगलेला आराखडाही त्यात येतो. नागपूरच्या ब्रह्मोस प्रकल्पातल्या एका अभियंत्याला २०१८ मध्ये अटक झाली तेव्हा मुद्दा हाच होता की कामाच्या फाइली त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर होत्या आणि समाजमाध्यमावरच्या अनोळखी खात्यांशी त्याचा संपर्क होता. साध्या कारखान्यातही मिलजवळ किंवा क्रेनखाली मोबाइल धरून चालणे जिवावर बेतू शकते, तेव्हा यंत्रापाशी मोबाइल न वापरण्याचा नियम सर्वांनाच लागू.

एआयबद्दल थोडक्यात. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राने उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता आणून दाखवली आहे, त्यामुळे आपल्याकडे तिचे भय घालण्यात अर्थ नाही. पत्राचा मसुदा करायला ती जरूर वापरा. फक्त शेतकऱ्यांची नावे, आधार क्रमांक, खाती असलेली यादी तिथे चिकटवू नका. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये आपल्या कार्यालयांतल्या कॉम्प्युटरवर अशी साधने वापरू नयेत असे बजावले, ते गोपनीय माहिती बाहेर जाईल या काळजीनेच.

कार्यालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे अचकट-विचकट फॉरवर्ड आणि महिला सहकाऱ्याला रात्री येणारे मेसेज यांना पुस्तिकेने ‘गंमत’ मानलेले नाही. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती असलीच पाहिजे, आणि मोबाइलवरचा छळ हाही छळच आहे.

नियम कर्मचाऱ्यांवर जसे आहेत तसे मालकावरही हवेत. कोणत्या नोंदी ठेवल्या जातात, त्या कोण पाहतो, हे आधी सांगितले पाहिजे. सुरक्षेसाठी नोंदी ठेवाव्यात, पण कुणाचे खासगी मेसेज वाचू नयेत. दुसरे, संस्थेचे काम माणसाच्या स्वतःच्या मोबाइलवर आणि स्वतःच्या रिचार्जवर करून घ्यायचे आणि वर सुरक्षेचे नियम त्यालाच ऐकवायचे, हे बंद व्हावे. पिग्मी एजंटाला संस्थेने फोन द्यावा, आणि तो धड चालणारा द्यावा. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले होते. फोन निकृष्ट होते आणि ज्या ॲपवर माहिती भरायची ते मराठीत नव्हते. ही पुस्तिका सरळ मराठीत लिहिली आहे ती म्हणूनच. ज्याला नियम वाचता येत नाही त्याच्याकडून तो पाळला जाण्याची अपेक्षा धरता येत नाही.

शेवटी चूक झाल्यावर काय, याबद्दल. चूक होणारच, लिंकवर बोट पडणारच. फसवणूक झाल्याचे कळताच १९३० या क्रमांकावर फोन करायचा. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी ते गोठवता आले तरच परत मिळण्याची आशा असते, आणि ही मुदत तासांची असते. यंत्रणेतच घुसखोरी झाली असेल तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सहा तासांत त्यांना कळवायचे आहे. पण ज्या क्लार्कला वाटते की सांगितले तर नोकरी जाईल, तो रात्रभर गप्प बसेल, स्वतःच निस्तरायला पाहील, आणि ते सहा तास उलटून जातील. ताबडतोब सांगणाऱ्यावर कारवाई नाही, लपवणाऱ्यावर आहे: हे वाक्य नियमावलीत ठळक अक्षरात छापले आहे.

दोन्ही तालुक्यांतल्या संचालक मंडळांना, सरपंचांना आणि व्यवस्थापकांना माझी एक विनंती आहे. बाकीच्या नियमांवर सवडीने चर्चा करा, हवे ते बदला. पण येत्या मासिक सभेत एवढा एक ठराव मंजूर करा की पैशाच्या आदेशाची खात्री करण्यासाठी थांबलेल्या आणि झालेली चूक त्याच दिवशी सांगितलेल्या कर्मचाऱ्याच्या पाठीशी संस्था उभी राहील. त्याची प्रत हिशेब विभागाच्या भिंतीवर लावा आणि खाली चेअरमननी स्वतःच्या हाताने सही करावी.